सुदर्शन चक्रातील दिवे

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

देवळाच्या जत्रेला मराठी नाटक करण्याची चाल गोव्यातील अनेक गावांप्रमाणे आमच्याही गावी आहे. पालखी देवळात परतली, प्रसाद झाला, म्हणजे मग मध्यरात्रीच्या सुमारास पडदा वर जावयाचा आणि पूर्वेला तांबडे फुटेपर्यंत नाटक चालावयाचे. दिवसा बस हाकणारा आमचा कृष्ण आणि पोस्टात टपाल लावणारा आमचा शिशुपाल त्या रात्री ज्या ऐटीने रंगभूमीवर वावरतात, ती पाहिली म्हणजे हे दोघे उद्या पुन्हा कामावर जातील हे खरे वाटत नाही. माझ्या अंगी नटाचे गुण नाहीत. माझ्याकडे पूर्वीपासून सामानाचे खाते आहे. मुकुट, गदा, तलवारी, कंदील, मशाली आणि श्रीकृष्णाचे सुदर्शन चक्र ही माझी प्रजा.

आमचे जुने चक्र पत्र्याचे होते व त्यावर सोनेरी बेगड चिकटविलेली होती. काही वर्षांपूर्वी तरुण मंडळींच्या मनात आले की, शिशुपालवधाच्या प्रवेशात चक्र प्रत्यक्ष तेजाने झळाळले पाहिजे. मी भौतिकशास्त्राचा जुना विद्यार्थी. मोठ्या आत्मविश्वासाने मी चक्राच्या कडेवर पिवळ्या रंगाचे बारा एलईडी बसविले व मधोमध नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी दडविली. तालमीत चक्र असे काही पेटले की, बायकामुलांनी टाळ्या वाजविल्या. जत्रेच्या रात्री मात्र शंभरावा अपराध भरला, कृष्णाने उजवा हात उंचावला, कळ दाबली आणि चक्राच्या कडेवर विझत चाललेल्या उदबत्तीसारखे बारा ठिपके दिसले. प्रेक्षकांतून कोणीसे म्हणाले, "देवाचा सेल संपला!" पुढे शिशुपाल कसाबसा मेला. पण तो प्रवेश गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी बॅटरी मीटरला लावून पाहिली. दिवे जोडलेले असताना तिचा दाब सात पूर्णांक चार दशांश व्होल्ट भरला. म्हणजे बॅटरी अगदीच मेलेली नव्हती. दोष तिचा नसून माझ्या हिशेबाचा होता, आणि तो हिशेब काय होता हेच आज आपल्याला सांगावयाचे आहे. कारण अशा दिव्यांची हौस आता केवळ आम्हा नाटकवाल्यांपुरती राहिलेली नाही. गणपतीच्या आराशीत, दिवाळीच्या किल्ल्यावर, आकाशकंदिलात, नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळावयाच्या नरकासुराच्या डोळ्यांत हे चिमुकले दिवे सर्वत्र दिसतात. आणि ते लावणारे हात बहुधा शाळकरी मुलांचे असतात.

प्रथम हा दिवा आणि आपला जुना टॉर्चचा बल्ब यांतील भेद ध्यानी घ्यावयास हवा. बल्बमध्ये तार असते. ती तापते म्हणून प्रकाश पडतो, आणि तापली की तिचा रोधही वाढतो. आपल्याला किती वीज पेलेल हे तार जणू स्वतःच ठरविते. एलईडीत तार नाही. अर्धवाहक पदार्थाच्या दोन थरांच्या सांध्यावर प्रकाश निर्माण होतो. निक होलोन्याक यांनी 1962 साली अमेरिकेत तांबडा दिवा करून दाखविला. प्रखर निळ्यासाठी मात्र जग 1990 नंतरच्या काळापर्यंत थांबले, आणि त्या कामाबद्दल अकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना 2014 साली नोबेल पारितोषिक मिळाले. निळा दिवा हाती आल्यामुळेच त्याच्यावर पिवळा लेप देऊन आजचा पांढरा दिवा करता आला. असो.

या सांध्याचा स्वभाव आमच्या खाजन शेतीतील उदाहरणाने सांगतो. खाडीच्या पाण्याची ये-जा आवरण्यासाठी बांधात जो दरवाजा असतो, त्याला आम्ही मानस म्हणतो. समजा, मानशीला एक उंबरठा आहे. खाडीचे पाणी उंबरठ्याच्या खाली आहे तोवर शेतात थेंबही येत नाही. उंबरठा ओलांडला की लोट सुरू होतो. एलईडीचे अगदी असेच आहे. पाण्याची उंची म्हणजे बॅटरीचा दाब, आणि उंबरठा म्हणजे दिव्याला लागणारा दाब. तांबड्या व पिवळ्या दिव्याचा हा उंबरठा सुमारे दोन व्होल्टचा असतो. निळ्या व पांढऱ्याचा तीन किंवा किंचित अधिक. हिरव्याचे दोन प्रकार आहेत. जुन्या पोपटी रंगाचा दोनच्या आसपास पेटतो, गडद झगझगीत हिरवा तीनच्या वर. उंबरठ्यावर दाब व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याने वाढला तरी प्रवाह दुपटीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून दिवा थेट बॅटरीला जोडला तर तो आपला प्राण जाईपर्यंत वीज पितो. नेहमीच्या पाच मिलिमीटरच्या दिव्याला वीस मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह सोसतो. दहात तो सुरेख दिसतो. वीस आणि दहा यांतील अंतर डोळ्याला फारसे जाणवत नाही, आणि देवळाच्या अंधाऱ्या मंडपात तर पाचही पुरतात.

तेव्हा लोटाला आवर घालण्यासाठी मानशीचे तोंड अरुंद करावे लागते. ते काम रोधकाचे, ज्याला बाजारात रेझिस्टर म्हणतात. त्याचे माप काढण्याचा नियम जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी 1827 साली ग्रंथरूपाने मांडला, आणि तो चौथीतल्या मुलालाही करता येईल इतका सोपा आहे. बॅटरीच्या दाबातून दिव्याचा दाब वजा करावा. जी बाकी उरेल तिला हव्या असलेल्या प्रवाहाने भागावे. दहा मिलिअँपिअर हवे असतील तर बाकीच्या व्होल्टला शंभराने गुणावे, उत्तर ओहममध्ये येते. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर एकच पिवळा दिवा लावावयाचा, तर नऊ वजा दोन सात, म्हणजे सातशे ओहम. सातशेचा रोधक दुकानात सहसा मिळत नाही. रोधकांची मापे ठरलेली असतात. 220, 270, 330, 390, 470, 560, 680, 820 अशी ती चढत जातात. अशा वेळी जवळचे, आणि शंका असल्यास मोठे माप घ्यावे. दिवा जरा मंद लागेल, पण जगेल.

आता माझी चूक. एका रांगेत एकामागून एक दिवे जोडले तर तोच प्रवाह सर्वांतून जातो, वीज वाचते. हा लोभ मला सुटला. चार पिवळ्या दिव्यांची एक माळ केली. चार दुणे आठ. नऊमधून आठ गेले, बाकी एक व्होल्ट. म्हणून शंभर ओहमचा रोधक घातला आणि अशा तीन माळा चक्रावर बसविल्या. कागदावर हा हिशेब निर्दोष आहे. पण बॅटरी नऊ व्होल्टची असते ती दुकानातून आणतेवेळी. ही चौकोनी बॅटरी म्हणजे दीड व्होल्टच्या सहा बारक्या घटांची मोळी, आणि ट्रँझिस्टर रेडिओच्या काळापासून ती आपल्या घरात आहे. तिचा जीव लहान. अल्कलाइन जातीची असली तरी साधारण पाचशे मिलिअँपिअर-तास, साधी असली तर त्याहूनही कमी. मी साधी घेतली होती. तीन माळांचे तीस मिलिअँपिअर, आणि तालमीच्या पाच रात्री मुलांनी हौसेने दोन-दोन तास चक्र पेटते ठेवले. जत्रेच्या रात्रीपर्यंत खाडीला ओहोटी लागली होती. पाणी आठाच्या उंबरठ्याखाली उतरले होते. माझ्या एका व्होल्टच्या बाकीत ओहोटीसाठी जागाच ठेवलेली नव्हती.

हीच माळ चारांऐवजी तीन दिव्यांची केली असती तर? तीन दुणे सहा, बाकी तीन व्होल्ट, रोधक 330 ओहमचा. नव्या बॅटरीवर नऊ मिलिअँपिअर, आणि त्याच सात पूर्णांक चार दशांशाच्या थकलेल्या बॅटरीवर चार मिलिअँपिअरहून थोडे अधिक. म्हणजे त्या रात्री चक्र ठळक दिसले असते. तेव्हापासून मी असा नेम केला आहे की, एकूण दाबाचा निदान चौथा हिस्सा, आणि जमल्यास तिसरा, रोधकासाठी राखून ठेवावयाचा. हा हिस्सा उष्णतेत जातो, वाया जातो, हे खरे. पण बॅटरी नवी आणि जुनी यांतील फरक जो पचवितो तो हाच हिस्सा.

दुसरी एक चूक माझ्या पुतण्याने केली. "काका, बारा दिव्यांना बारा रेझिस्टर कशाला? सगळे दिवे शेजारी शेजारी जोडू आणि सगळ्यांना मिळून एकच मोठा देऊ," असे तो म्हणाला आणि मुकुट करून मोकळा झाला. मुकुटात तांबडी, हिरवी आणि पांढरी अशी तीन रंगांची रत्ने होती. कळ दाबताच तांबडी रत्ने लखलखली आणि पांढरी काळीच राहिली. उंबरठा ज्याचा सर्वांत खाली, सारे पाणी तिकडे धावले. पांढऱ्यापर्यंत पातळी चढलीच नाही. एकाच रंगाचे दिवे असते तर निभावले असते का? काही काळ. एकाच पुडीतील दोन दिवेही अगदी सारखे नसतात. ज्याचा दाब किंचित कमी तो अधिक प्रवाह घेतो, त्याने तापतो, तापल्यामुळे त्याचा दाब आणखी उतरतो, आणि तो आणखी घेतो. अखेर तो जातो, आणि त्याचा वाटा उरलेल्यांच्या माथी येतो. म्हणून प्रत्येक माळेला तिचा स्वतःचा रोधक हवा. ही गोष्ट काही पैशांची आहे आणि तीत काटकसर करू नये.

मुकुटातील पांढऱ्या रत्नांनी आणखी एक धडा दिला. आम्ही पेन्सिल सेल म्हणतो तसले तीन सेल डबीत बसविले की साडेचार व्होल्ट होतात. पिवळ्या दिव्याला ते उत्तम. बाकी अडीच, रोधक 270 ओहमचा, प्रवाह नऊ मिलिअँपिअरच्या थोडा वर. पुढे प्रत्येक सेल एक पूर्णांक एक दशांशावर उतरला तरी दाब तीन पूर्णांक तीन दशांश राहतो आणि दिव्याला जवळजवळ पाच मिलिअँपिअर मिळतात. पण पांढऱ्याला तीन पूर्णांक एक दशांश व्होल्ट लागतात. नव्या सेलांवर तो छान दिसतो, आणि सेल उतरले की त्याची बाकी व्होल्टच्या दोन दशांशावर येते. सेलांत जीव असूनही दिवा विझू लागतो. निळ्या-पांढऱ्यासाठी म्हणून चौथा सेल घालावा. सहा व्होल्ट, रोधक 330 ओहमचा. पुन्हा पुन्हा भरता येणारे सेल वापरणारांनी हे विसरू नये की, त्यांचा दाब दीड नसून सव्वाच्याही जरा खाली, एक पूर्णांक दोन दशांश असतो. तीन सेलांचे साडेचार होत नाहीत, साडेतीनच्या थोडेसे वर होतात. हिशेब त्या आकड्यावर करावा.

आमच्या चक्राचा नवा अवतार याच तीन सेलांवर चालतो. चक्र बोटावर फिरवावयाचे, तेव्हा त्याच्यात वजन नको. तीन सेल मिळून सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हणून डबी कृष्णाच्या कमरेला शेल्याखाली बांधली, आणि दोन बारीक तारा बाहीतून तळहातापर्यंत नेल्या. बारा दिवे, बारा रोधक. मिळून शंभर-सव्वाशे मिलिअँपिअरच्या दरम्यान प्रवाह. चांगल्या अल्कलाइन सेलांत दोन हजारांच्या आसपास मिलिअँपिअर-तास असतात, त्यामुळे सोळा-अठरा तासांची निश्चिंती. कृष्ण काही तितका वेळ रागावत नाही. दिव्यांची टोके पॉलिश पेपरने घासून धुरकट केली आहेत. तसे न केल्यास प्रकाश सरळ रेषेत जातो आणि तेज फक्त समोर बसलेल्या पंचांनाच दिसते, बाजूच्या प्रेक्षकांना नाही.

रोधकावरील रंगीत पट्ट्यांविषयी एक शब्द. 270 ओहमचा रोधक तांबडा, जांभळा, तपकिरी असतो. तांबडा, जांभळा, काळा असला तर तो सत्तावीसचा. रात्री मंडपाच्या पिवळ्या उजेडात तपकिरी आणि काळा यांची गल्लत होते, आणि सत्तावीस ओहममधून दिव्याला नव्वद मिलिअँपिअरच्या वर प्रवाह मिळतो. तो दिवा पुन्हा दिसावयाचा नाही. मी आता प्रत्येक रोधक मीटरने मोजल्यावाचून सोल्डर करीत नाही. वयोमानाने डोळ्यांवर विश्वास ठेवणे तसेही कमीच झाले आहे. आणि दिव्याची लांब तार धनाकडे, बुडाशी कड जेथे सपाट आहे ती तार ऋणाकडे, हे तर सर्वांना ठाऊक असतेच; तरीही बारांतला एक दिवा दर वर्षी कोणीतरी उलटा बसवितोच.

आता नरकासुराकडे वळतो, कारण त्याची गोष्ट निव्वळ फजितीची नाही. नरकासुर उंच असतो, डोळे मोठे हवे असतात, आणि रात्रभर मिरवणूक असते. तेव्हा मुले गाडीची बारा व्होल्टची बॅटरी आणतात. ही बॅटरी भरलेली असताना स्वस्थ स्थितीत साडेबाराच्या जरा वर असते आणि गाडीचे इंजिन तिला भरीत असताना चौदाच्याही वर चढते. हिशेब दोन्ही टोकांवर करावा. चार तांबडे दिवे एका माळेत, दाब आठ, रोधक 470 ओहमचा. खाली सुमारे दहा मिलिअँपिअर, वर चौदाच्याही आत. दोन्हीकडे दिवे सुखरूप. डोळ्यात वीस दिवे हवे असतील तर अशा पाच माळा कराव्या.

परंतु दिव्यांची चिंता येथे दुय्यम आहे. पेन्सिल सेलाच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर सेल तापतो. गाडीच्या बॅटरीच्या तारा चिकटल्या तर शेकडो अँपिअर वाहतात, तार क्षणात लाल होते, आणि भोवती काय असते? गवत, कागद, कापड, रंग. एका वर्षी आमच्या वाड्यावर नरकासुराच्या पोटातून धूर निघाला तेव्हा त्याच्या खांद्यावर दोन मुले चढलेली होती. मुले उड्या टाकून वाचली, एकाच्या पायाला इजा झाली. तार एका खिळ्याला घासून सोलली गेली होती, इतकेच कारण. त्या बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत एक अँपिअरचा फ्यूज असता तर तो उडाला असता आणि असुराचा केवळ एक डोळा मिटला असता. म्हणून माझी विनंती आहे की, तारा ओढण्यापूर्वी फ्यूज बसवावा. तो बॅटरीच्या जवळच हवा, डोळ्याच्या जवळ असून उपयोग नाही, कारण मधली सारी तार मग उघडीच राहते. आणि पहाटे असुर जाळण्यापूर्वी बॅटऱ्या व सेल मोजून बाहेर काढावे. आगीत सापडलेला सेल फुटतो. किती घातले ते आधी कागदावर लिहून ठेवले म्हणजे काढताना शोध राहत नाही. हल्ली जुन्या लॅपटॉपमधील लिथियमचे सेल काढून वापरण्याची हौसही मुलांत आली आहे. त्यांच्याबाबत तर संरक्षक पट्टी असलेले नवे सेलच घ्यावे, उकरून काढलेले नकोत.

बटणासारखा चपटा तीन व्होल्टचा सेल बारक्या वस्तूंसाठी फार सोयीचा असतो. त्याचे वजन तीन ग्रॅम, आणि त्याच्या अंगच्याच रोधामुळे त्यावर एखादा दिवा रोधकावाचूनही चालून जातो. नथीतला खडा किंवा बाहुलीचा डोळा त्याने उजळतो. पण तो चकचकीत असतो, बिंदीएवढा असतो, आणि घरातील रांगते मूल तो तोंडात घालते. गिळलेला बटणसेल अन्ननलिकेत अडकला तर ओलसर त्वचेतून प्रवाह वाहू लागतो व दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजते. सेल जुना म्हणून निर्धोक असे समजू नये. दिव्याला न पुरणारा दाबही या दुष्कृत्याला पुरतो. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी सकाळची वाट न पाहता तत्काळ इस्पितळ गाठावे. आमच्या सामानाच्या पेटीत असे सेल आता एका स्क्रूने बंद होणाऱ्या डबीत असतात आणि डबीवर आतील संख्या लिहिलेली असते. नाटकाच्या रात्री रंगपटात लहान मुले असतातच. पेटीची किल्ली मी कमरेला लावून फिरतो.

यंदाच्या जत्रेला शिशुपालवध नाही, ऐतिहासिक नाटक आहे. तीत मशाल आहे, आणि मशालीची ज्योत हलली पाहिजे असे दिग्दर्शकांचे म्हणणे पडले. बाजारात आपोआप लुकलुकणारे पिवळे दिवे मिळतात. त्यांच्या पोटात एक सूक्ष्म यंत्रणा असते. सहा दिवे, प्रत्येकाला त्याचा वेगळा रोधक, चार सेल दांड्यात. पहिल्या तालमीपूर्वी मी मुद्दाम जुने, उतरलेले सेल घालून मशाल पेटवून पाहिली. पेटली. नवे सेल मी जत्रेच्या दिवशी सायंकाळी घालणार आहे.